हेरपट, हाणामारी आणि खोट्याची किंमत

हेरगिरीच्या हाणामारीपटात विचार शोधू नये, असे मानणारे दोन प्रकारचे लोक आपल्याकडे आहेत आणि गंमत अशी, की त्यांचे एकमेकांशी एरवी मुळीच पटत नाही. पहिले म्हणतात, दिवसभर राबलेला माणूस तिकीट काढून येतो तो दोन घटका करमणुकीसाठी. त्याला मोटारींचे पाठलाग, उंचावरच्या उड्या आणि खलनायकाची जिरलेली मस्ती पाहायची असते, त्याच्यापुढे नैतिक पेच कशाला मांडायचे? दुसरे लोक चित्रपट महोत्सवांना नेमाने हजेरी लावणारे. त्यांच्या लेखी खरा हेरपट म्हणजे संथ, करड्या रंगाचा, फायलींच्या ढिगाऱ्यात बसलेल्या थकल्या माणसांचा. त्यात कोणी पळू लागले की त्याची पत घसरली. पहिल्यांना विचाराची अडचण होते, दुसऱ्यांना हाणामारीची. शरीराचा वेग आणि मनाची खोली एका चित्रपटात नांदू शकत नाहीत, हे गृहीतक मात्र दोघांचेही सारखेच. मला ते साफ चुकीचे वाटते, आणि निदान कोल्हापुरात तरी ते इतक्या सहज मान्य व्हावे याचे नवल वाटते.

नवल अशासाठी, की राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात या शहराच्या पिढ्यान् पिढ्यांनी कुस्ती पाहिली आहे, आणि कुस्तीचा जाणकार 'ताकद एकीकडे, डोके दुसरीकडे' अशी वाटणी कधीच करत नाही. सुरुवातीला दोन मल्ल नुसते हात झटकत, मानेवर पंजा टाकत एकमेकांचा दम जोखत असतात, तेव्हा नवखा प्रेक्षक कंटाळतो. शेजारचा म्हातारा मात्र सावरून बसतो, कारण कोणाचा पाय जड पडू लागला आहे हे त्याला दिसलेले असते. मग एका क्षणात पट निघतो किंवा ढाक बसते, कुस्ती डावावर येते. नवख्याला ती चमत्कारासारखी वाटते, म्हाताऱ्याला ती आधीच्या झटापटीचे उत्तर म्हणून कळते. चित्रपटातल्या मारामारीला हाच न्याय लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ही मारामारी कशाचे उत्तर आहे, आणि ती संपल्यावर कोणात काय बदलले? या दोन प्रश्नांना ज्या चित्रपटाकडे उत्तर नाही, त्यात इमारती कितीही उडाल्या तरी पडद्यावर घडलेले काहीच नसते.

हेरपटाच्या बाबतीत हा प्रश्न इतर हाणामारीपटांहून अधिक टोकदार होतो, कारण हेराचा पेशाच विश्वास कमावून तो मोडण्याचा आहे. सीमेवरचा सैनिक ज्याच्यावर बंदूक रोखतो त्याला समोर शत्रू आहे हे ठाऊक असते, गणवेशच ते सांगतो. हेर ज्याला फसवतो, त्याने मात्र हेराला जेवायला वाढलेले असते, मुलाच्या बारशाला बोलावलेले असते, प्रसंगी घरची मुलगीही दिलेली असते. हे सोंग वर्षानुवर्षे टिकायचे तर ते निव्वळ सोंग असून भागत नाही. त्यात हेराचाही थोडा खरा जिव्हाळा मिसळावा लागतो, आणि नेमका तोच जिव्हाळा एक दिवस वापरून टाकावा लागतो. शिवाय शत्रूची पुढची चाल ओळखायची तर शत्रूच्या डोक्याने विचार करावा लागतो. तसा विचार करण्याची सवय जडलेल्या माणसाला समोरच्याचीही बायकामुले आहेत, त्याचीही देशावर माया आहे, हे कळल्याखेरीज राहत नाही. म्हणून हेरपटात बुद्धी आणि भावना यांची दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत. हेर जितका हुशार, तितका त्याचा अपराधभाव खोल जायला हवा. हुशारी भरपूर आणि अपराधभाव शून्य असे ज्या नायकाचे चित्र असते, तो बुद्धिमान म्हणून लिहिला गेला असला तरी प्रत्यक्षात मठ्ठ असतो.

ही कसोटी मी हॉलिवूडकडून उसनी आणलेली नाही. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक म्हणजे हेरांच्या जाळ्याचेच नाटक आहे. यमाच्या चित्रांचा पट दाखवत घरोघर फिरणारा चाणक्याचा हेर निपुणक, चोरून आणलेली अंगठी, तिच्या मुद्रेने मोहोरबंद झालेले बनावट पत्र आणि राक्षस नावाच्या, पदच्युत नंदांशी इमान राखणाऱ्या अमात्याला चंद्रगुप्ताकडे वळवण्यासाठी, स्वतः त्यालाही कळू न देता त्याच्याभोवती आवळत जाणारा चाणक्याचा फास, असा त्याचा मामला आहे. बुद्धीचा एवढा खेळ मांडूनही विशाखदत्त तिथे थांबत नाही. पाचव्या अंकात भागुरायण नावाचे एक पात्र आहे. तो चाणक्याचा माणूस, पण राक्षसाच्या बाजूच्या राजकुमार मलयकेतूच्या गोटात शिरून त्याचा विश्वासू झालेला. डाव उलटवण्याची वेळ जवळ येते तेव्हा तो स्वतःशीच म्हणतो, की आपल्यावर इतका जीव लावणाऱ्या या कुमाराला फसवायचे, हे किती अवघड आहे. आणि लगोलग तो स्वतःची समजूत घालतो, की ज्याने धनाच्या लोभाने आपले शरीरच विकले, कुळ, लाज, यश, मान यांकडे पाठ फिरवली, त्या हुकुमाच्या ताबेदाराने आता बऱ्यावाईटाचा विचार कशाला करावा? केवढी भेदक समजूत आहे ही! स्वतःला दोषमुक्त करता करता तो स्वतःची खरी किंमत सांगून बसतो. कथानक या स्वगतासाठी खोळंबत नाही, चाणक्याची योजनाही तसूभर ढळत नाही. तरीही त्यानंतर प्रेक्षक ती योजना पूर्वीच्या निर्धास्त कौतुकाने पाहू शकत नाही. शेवटी राक्षस शरण येतो तोही पराभूत होऊन नव्हे, मित्र चंदनदासाला सुळावरून वाचवण्यासाठी. म्हणजे चाणक्याचा सगळा डाव ज्या पायावर उभा आहे तो पाया शत्रूच्या चांगुलपणाचा आहे, आणि चाणक्याला तो चांगुलपणा पुरता ठाऊक आहे. भोळ्या राक्षसापेक्षा जाणत्या चाणक्याविषयी मनात अधिक काहूर उठते ते त्यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, की हे नाटक झाले, त्यात पाठलाग कुठे आहे? म्हणून पाठलाग असलेलेच उदाहरण घेऊ. पॉल ग्रीनग्रासचा 'द बोर्न सुप्रिमसी' २००४ साली आला. त्यात मॉस्कोच्या रस्त्यांवरचा मोटारींचा पाठलाग इतका दणदणीत आहे, की अनेकांना त्या चित्रपटाचे तेवढेच आठवते. पण जेसन बोर्न मॉस्कोला कशासाठी गेला होता हे पाहिले पाहिजे. स्मृती गमावलेल्या या मारेकऱ्याला बर्लिनच्या एका हॉटेलातले आपले पहिले काम आठवले आहे. तिथे त्याने एका रशियन राजकारण्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या होत्या, आणि बायकोनेच नवऱ्याला मारून आत्महत्या केली असा देखावा उभा केला होता. त्यांची मुलगी तेच खरे मानून वाढली. बोर्न तिचा जुना पत्ता शोधत जातो, ती तिथे राहत नाही असे कळते, वाटेत त्याला गोळी लागते, तो जीवघेणा पाठलाग होतो, आणि मग रक्ताळलेल्या अंगाने तो त्या मुलीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो. ती आत येते, घाबरते. तुझ्या आईने तुझ्या वडिलांना मारले नाही, मी मारले, एवढे तो तिला सांगतो आणि लंगडत निघून जातो. ती त्याला क्षमा करत नाही, तोही तशी याचना करत बसत नाही.

त्या खोलीतला प्रवेश कापून टाकला तर मधला सगळा पाठलाग नुसती मोडतोड उरेल, आणि पाठलाग कापला तर ती कबुली स्वस्तात मिळाल्यासारखी वाटेल. माणूस अंगावर गोळी झेलत तिथवर पोचतो म्हणून त्या चार वाक्यांना वजन येते. इथे हाणामारी म्हणजे विचारातला व्यत्यय नाही, ते माफीच्या वाटेवरचे अंतर आहे. 'कॅसिनो रोयाल' या बाँडपटातही (२००६) जिन्यावरच्या त्या रांगड्या मारामारीनंतर कपड्यांसकट शॉवरखाली थरथरत बसलेल्या व्हेस्पर या सहकारी तरुणीशेजारी बाँड मुकाट्याने भिजत बसतो, तेव्हा माणूस मारल्यावर अंगावर काय उरते याची आठवण त्या मालिकेला बऱ्याच वर्षांनी झाली असे म्हणावे लागते.

हिंदीत या कसोटीला पुरेपूर उतरणारा चित्रपट म्हणून मी मेघना गुलजार यांच्या 'राझी'चे (२०१८) नाव घेईन. १९७१च्या युद्धापूर्वी भारतासाठी हेरगिरी करायला एका पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून गेलेली काश्मिरी सेहमत, हे त्याचे सूत्र. त्यातला जुना नोकर अब्दुल तिचे बिंग ओळखतो आणि बोंब मारायला पळतो, तेव्हा ती जीप घेऊन त्याच्यामागे जाते आणि त्याला चिरडते. पाठलाग म्हणून मोजला तर तो काही क्षणांचा, एका म्हाताऱ्या माणसाचा आणि एका बावरलेल्या पोरीचा. तरी तो अंगावर काटा आणतो, कारण मरणारा माणूस आपल्या मालकाशी इमान राखून होता आणि मारणारीही आपल्या देशाशी. दोघांचा गुण एकच. याच चित्रपटात ती शाळेतल्या मुलांना देशभक्तीचे गाणे शिकवते. मुले ते पाकिस्तानसाठी गातात, ती त्याच ओळी मनात भारतासाठी म्हणते, आणि गीताचा एक शब्दही बदलावा लागत नाही. देशप्रेम खरे असूनही ते दोन्ही बाजूंना सारखेच खरे असू शकते, हा विचार कोणाच्याही तोंडी भाषण न घालता तिथे मांडला गेला आहे. अखेरीस तिच्या नवऱ्याचा बळी जातो, खुद्द तिच्याही जिवावर उठायला आपल्याच माणसांनी कमी केलेले नाही हे तिला कळते, आणि ती परतीची मागणी करते ती विजयी वीरांगना म्हणून मुळीच नाही. एवढे सगळे दाखवूनही या चित्रपटाने देशात शंभर कोटींहून अधिक गल्ला जमवला. 'प्रेक्षकांना हे झेपत नाही' या नेहमीच्या सबबीचे काय करायचे ते निर्मात्यांनी ठरवावे.

आता खोलीचा आव. अलीकडे हाणामारीपटालाही आपण उथळ दिसू नये असे वाटू लागले आहे, आणि त्यावर एक सोपा तोडगा निघाला आहे. नायकाला एक मेलेली बायको किंवा हरवलेले बालपण द्यायचे, पडदा जरा काळवंडवायचा, पियानोचे दोन सूर टाकायचे, की झाली खोली. 'स्पेक्टर'मध्ये (२०१५) बाँडचा जन्माचा वैरी हा त्याला सांभाळणाऱ्या गृहस्थाचा मुलगा, म्हणजे जवळपास मानलेला भाऊच निघतो. जगभरच्या कटकारस्थानाचे मूळ एका पोराच्या मत्सरात सापडले, की राज्यसंस्था, पाळत, सत्ता यांविषयी त्या चित्रपटाने जे प्रश्न उभे केले होते ते सगळे घरगुती भांडणात विरघळून जातात. दुःख दाखवले म्हणजे विचार झाला असे नव्हे, आणि उदास चेहरा ही काही बुद्धिमत्तेची खूण नाही.

'पठाण'चे (२०२३) प्रकरण मला अधिक चुटपुट लावते, कारण तिथे खरा प्रश्न हाताशी आला होता. त्यातला खलनायक जिम हा एके काळचा भारतीय गुप्तहेर. अपहरणकर्त्यांशी तडजोड करायला सरकारने नकार दिला आणि त्याची गरोदर बायको मारली गेली. माणसाने देशासाठी किती द्यावे आणि देशाने त्या बदल्यात त्याचे काय देणे लागावे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या पात्राइतका दुसऱ्या कोणाला असणार? पण चित्रपट त्याच्या तोंडी विषाणूने शहरे मारण्याची योजना घालतो आणि त्याचा प्रश्न त्याच्या गुन्ह्याखाली गाडून टाकतो. नायकाला उत्तर शोधण्याची गरजच पडत नाही, त्याला फक्त वेळेत पोचायचे असते. यामागे एक व्यापारी कारणही आहे. दुसऱ्या हेरपट-मालिकेचा नायक टायगर पठाणच्या चित्रपटात येतो, पठाण टायगरच्या, आणि अशा गुंफलेल्या 'विश्वा'त पुढच्या भागासाठी प्रत्येक नायक शाबूत राहावा लागतो. ज्याचे काही कायमचे बिघडूच शकत नाही, त्याच्या निर्णयाला वजन कुठून येणार?

करमणुकीच्या बाबतीत एवढी चिकित्सा कशाला, असा आक्षेप यावर येतो. माझ्या मते ही चिकित्सा नागरिक म्हणून करणे भाग आहे. परदेशातली हेरगिरी पाहणाऱ्या 'रॉ'ची स्थापना १९६८ सालची, देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणारा इंटेलिजन्स ब्युरो तर इंग्रजी अमदानीतला. या दोन्ही संस्थांचे अधिकार आणि उत्तरदायित्व ठरवून देणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. तसे एक खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११ साली लोकसभेत मांडले होते, ते पुढे सरकले नाही. माहिती अधिकाराचा २००५चा कायदा भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी वगळता या संस्थांना लागू होत नाही. निवृत्त अधिकाऱ्यांनी आपल्या कामासंबंधी काही लिहायचे तर २०२१च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार आधी परवानगी घ्यावी लागते. यातल्या काही बंधनांमागे सबळ कारणे आहेत, गुपिते चव्हाट्यावर मांडून देश चालत नाही हे मलाही कळते. ब्रिटनने मात्र १९९४च्या कायद्याने गुप्तचर संस्थांवर नजर ठेवणारी खासदारांची समिती नेमली, आणि अमेरिकेत १९७५ साली सिनेटच्या चर्च समितीने आपल्याच हेरखात्याच्या हत्येच्या कटांची चौकशी केली. तिथला नागरिक काही अहवाल तरी वाचू शकतो. आपल्याकडे लक्ष्मीपुरीतला व्यापारी असो की शिवाजी विद्यापीठातला विद्यार्थी, त्याला गुप्तहेर भेटतो तो पडद्यावरच. आपल्या नावाने, आपल्या करातून काय केले जाते याची त्याची सगळी कल्पना चित्रपटाने घडवलेली असते. तो चित्रपट जर सांगत असेल, की अधिकाऱ्यांचा अंदाज कधी चुकत नाही, छळ करून काढलेली माहिती नेहमी खरी असते आणि निरपराध माणूस कधी मरत नाही, तर प्रेक्षक केवळ करमणूक करून घेऊन घरी येत नाही, एक राजकीय समजूतही घेऊन येतो. शूजित सरकार यांच्या 'मद्रास कॅफे'मध्ये (२०१३) नायकाला माजी पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाचा सुगावा लागतो आणि तरीही तो हत्या रोखू शकत नाही. गुप्तचर यंत्रणा हरूही शकते, तिच्यात आतून फितुरीही होऊ शकते, एवढे साधे सत्य सांगणारे हिंदी चित्रपट किती निघाले ते मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे हेर आहे तो बहुतेक इतिहासातला, म्हणजे बहिर्जी नाईक. सभासदाच्या बखरीत सुरतेची बातमी घेऊन येणारा बहिर्जी जासूद दोन ओळींत येऊन जातो. पडद्यावर त्याचे जे झाले आहे ते प्रामुख्याने वेशांतराचे कौशल्य. आज फकीर, उद्या गोंधळी, परवा वासुदेव. दाढी ओढली की टाळ्या पडतात. वेश बदलणाऱ्या माणसाला रात्री एकटे असताना काय वाटत असेल, ज्या घरी भिक्षा घेतली ते घर आपल्या बातमीमुळे लुटले जाणार हे त्याला कसे सोसत असेल, हे विचारायला आपला ऐतिहासिकपट धजत नाही. भक्तीला बाधा येईल अशी भीती त्यामागे असावी. ती मला अनाठायी वाटते, कारण किंमत न दाखवता दाखवलेली निष्ठा फुकट मिळाल्यासारखी दिसते.

आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण कोल्हापूरच्या उशाशी आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता, तेव्हा पायथ्याच्या नेबापूरचे शिवा काशीद शिवाजी महाराजांच्या वेशात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले आणि ओळख पटल्यावर मारले गेले, ही कथा पन्हाळ्यावर येणाऱ्या शाळेच्या सहलीतल्या मुलालाही पाठ असते. पडद्यावर मात्र घोडखिंडीतली लढाई दीर्घकाळ चालते आणि शिवा काशीद एखाद्या प्रसंगात उरकले जातात. वास्तविक त्या पावसाळी रात्रीचा खरा हेरपट सिद्दीच्या छावणीत आहे. व्यवसायाने नाभिक असलेला एक माणूस राजा म्हणून शत्रूसमोर बसला आहे. आपण मरणार हे त्याला ठाऊक आहे, प्रश्न इतकाच की किती उशिरा. राजा कसा बसतो, विडा कसा घेतो, न बोलता कसा नकार देतो, हे सारे त्याला जवळून पाहून माहीत आहे. आणि जितका वेळ तो हे निभावेल तितके अंतर महाराजांची दुसरी पालखी विशाळगडाकडे कापणार आहे. खिंडीतली तलवार आणि छावणीतला संवाद आलटून पालटून दाखवले, तर तिथल्या प्रत्येक घावाला इथल्या प्रत्येक उत्तराचा आधार मिळेल.

मराठी निर्माते पैशाचे कारण सांगतात, आणि पाठलागाच्या बाबतीत ते खरेही आहे. मुंबईच्या एखाद्या मोठ्या हेरपटाच्या एका उडीवर जो खर्च होतो, त्यात आपले पूर्ण चित्रपट होतात. पण छावणीतल्या त्या बैठकीला हेलिकॉप्टर लागत नाही. तिला लागतो सिद्दी जौहरच्या तोंडी हुशार प्रश्न घालू शकणारा लेखक. आपल्या ऐतिहासिकपटातला शत्रूचा सरदार बहुधा डोळे वटारणारा, मांडीवर थाप मारून हसणारा आणि कोणीही सहज गुंडाळावा असा असतो. अशा सिद्दीसमोर राजाचे सोंग वठवणे कोणालाही जमले असते. महिनोन् महिने नेटाने वेढा चालवणारा, पावसातही मोर्चे न हलवणारा, पहिल्याच नजरेत संशय आलेला आणि तो लपवून शांतपणे एकेक प्रश्न विचारणारा सिद्दी समोर बसवला, तर शिवा काशीद यांना त्या रात्री काय करावे लागले याचा अंदाज प्रेक्षकाला पहिल्यांदाच येईल.